माणिक गुरुजींची अकरावी ओळ

"मी म्हणालो का?" हा प्रश्न माणिक गुरुजींनी आम्हा पोरांना इतक्या वेळा विचारला असेल, की त्यांचा चेहरा आठवायच्या आधी मला तो प्रश्नच ऐकू येतो. चौथीच्या वर्गात ते रोज शुद्धलेखन घालायचे. वाक्य दोनदा सांगायचे, तिसऱ्यांदा नाही. कुणी कितीही तोंड वेंगाडलं तरी नाही. "ऐकलं तेवढंच लिहायचं. पदरचं घालायचं न्हाई," हा त्यांचा कायदा.

एकदा त्यांनी सांगितलं, 'गाईला दोन डोळे असतात.' मी पाटीवर लिहिलं, 'गाईला दोन सुंदर डोळे असतात.' आमच्या घरच्या गाईचे होतेच तसे. गुरुजींनी 'सुंदर'वर बोट ठेवलं.

"हे मी म्हणालो का?"

"न्हाई, गुरुजी."

"मग कुठून आलं?"

"आलं."

वर्ग फिदीफिदी हसला. छडी पडणार म्हणून मी हात पुढे करून उभी राहिले, पण गुरुजी पाटीकडेच बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "असंच येतं ते," आणि स्वतःच्या अंगठ्यानं तो शब्द पुसून टाकला. मी सुटले याच आनंदात होते. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला चाळीस वर्षं लागली.

राणीसावरगावच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. शाळा दोन खोल्यांची. गुरुजी तिथलेच, घरही तिथलंच. सरळ वाटेनं निघाले तर पाच मिनिटांत शाळेत पोचले असते. पण ती वाट उगवतीच्या आळीतून जायची, आणि गुरुजी कधी त्या आळीत पाय ठेवत नसत. गावाला वळसा घालून, शेताच्या बांधावरून, धोतराला कुसळं लावून घेत ते यायचे. बसायचेही नेहमी उगवतीकडे पाठ करून. लग्नाच्या पंगतीत पाट फिरवून घ्यायचे. लोकांना त्याची सवय झाली होती.

आणखी एक होतं. शुद्धलेखन घालता घालता ते मध्येच थांबायचे, हात वर करायचे. "रहाट वाजायलाय. थांबू द्या." आम्ही कान टवकारायचो. रहाट असायला विहीर हवी, आणि शाळेच्या आसपास विहीर नव्हती. एक होती म्हणे पूर्वी, उगवतीच्या आळीत, पण आमच्यातल्या कुणाला तिचं पाणी आठवत नव्हतं. आम्ही बघायचो तेव्हा तिथे दगडमातीचा ढीग आणि त्यावर उगवलेली बाभूळ एवढंच होतं. पोरं गुरुजींची नक्कल करायची, हात वर करून म्हणायची, "रहाट वाजायलाय!" मीही केलीये. आता लाज वाटते.

पण गावात गुरुजींचा मान होता तो शाळेमुळे नव्हे, भाकणुकीमुळे.

डोंगरावर धोंडीबुवांचा मठ आहे. बुवा फारसं बोलत नसत असं जुने लोक सांगतात. देह ठेवायच्या थोडं आधी, एका संध्याकाळी, त्यांनी पुढचं सगळं सांगून ठेवलं, आणि ते ऐकायला मठात अठरा वर्षांचा माणिक तेवढा होता, अशी गावाची समजूत. पुढे माणिक शिकून मास्तर झाला, गावात परत आला, आणि त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला. माणसं पारावर बसून विचारू लागली, "माणिकराव, त्या सांजंला बुवा काय म्हन्ले होते?" त्यांनी एक दिवस थोडं सांगितलं, दुसऱ्या दिवशी थोडं. कुणीतरी म्हणालं, लिहूनच काढा. म्हणजे ऐकल्यानंतर बारा वर्षांनी, आठवून आठवून, गुरुजींनी लाल कापडात गुंडाळलेली ती वही लिहिली. सतरा ओळी. चैत्रातल्या जत्रेत, भर दुपारी, मठापुढच्या लिंबाखाली त्या वाचायच्या, आणि ज्यानं लिहिलं त्यानंच वाचायच्या, असा रिवाज पडला. सतरा ओळींत लोकांच्या तोंडी दोनच होत्या. पहिली होती, 'पांढऱ्या घोड्यावरून येईल तो गावाला सावलीत घेईल.' आणि अकरावी, 'उगवतीची विहीर उघडी आहे तोवर गावाला उतार नाही.' त्या ओळीवरूनच, पाऊस यावा म्हणून, गावानं ती विहीर बुजवली होती.

पहिल्या ओळीनं गावाची करमणूक बरीच केली. दर निवडणुकीत कुणी ना कुणी पांढऱ्या घोड्यावरून यायचंच. एकानं परभणीहून वरातीचा घोडा आणला, गोंड्या-झालरीसकट. बँड वाजल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही अशी त्या घोड्याला सवय. तो वेशीतच उभा राहिला. शेवटी पोरांनी तोंडानं बँड वाजवला तेव्हा उमेदवार गावात शिरला. दुसरा पांढऱ्या जीपमधून आला आणि बॉनेटवर घोड्याचं चित्र चिकटवून आला. एक महाराज आले, त्यांच्याकडे घोडाही नव्हता, जीपही नव्हती, तर ते म्हणाले की त्यांचं मनच पांढरा घोडा आहे. प्रत्येक जण वहीच्या पाया पडायचा आणि गुरुजींना शाल द्यायचा. गुरुजींनी त्या शालींच्या गोधड्या शिवून घेतल्या होत्या. "ऊब चांगली हाय," म्हणायचे. पण घोड्याच्या ओळीबद्दल विचारलं तर हसत. अकराव्या ओळीबद्दल कुणी काढलं की उठून आत जात.

मी परभणीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. रविवारी गावाकडे गेले की गुरुजींकडे चक्कर व्हायची. चार वर्षांपूर्वी मी एक पुस्तक वाचत होते, आणि त्यातली गोष्ट त्यांना सांगितल्याशिवाय मला राहवेना. अमेरिकेत मॉर्मन नावाचा एक पंथ आहे. त्याच्या संस्थापकाच्या नावावर एक भाकीत सांगतात. देशाची घटना एका धाग्यावर येऊन लोंबकळेल आणि त्या पंथाची माणसं ती वाचवतील, असं काहीसं. नाव काय, तर पांढऱ्या घोड्याचं भाकीत! संस्थापक मारले गेले. भाकीत ऐकलं असं सांगणाऱ्यानं ते कितीतरी वर्षांनी, म्हातारपणी, आठवून सांगितलं. पंथाच्या थोरांनी पुढे स्वच्छ सांगितलं की हे खरं नाही. पण लोकांनी ते सोडलं नाही. पंथातलं कुणी मोठ्या निवडणुकीला उभं राहिलं की ते भाकीत वर येतंच.

मला वाटलं, गुरुजी घोड्यावर हसतील. ते हसले नाहीत.

"त्या लिहिणाऱ्याला कुनी विचारलं न्हाई का? नक्की ऐकलंस का म्हणून?"

"पुस्तकात तसं काही नाही, गुरुजी."

"त्याच्यासंगं आणखी कुनी ऐकायला होतं?"

"होता म्हणतात एक जण."

"मग त्याला विचारायचं." एवढं बोलून ते बराच वेळ गोधडीचा टाका बोटानं उसवत बसले. मी निघाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या वर्षी माघात माझी वर्गमैत्रीण रुक्मिण त्यांच्या दारात येऊन बसली, मी तिथेच होते. रुक्मिण उगवतीच्या आळीतली. त्या आळीची माणसं अल्पभूधारक, दर वर्षी दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊस तोडायला जातात, पाडव्याच्या सुमाराला परततात. रुक्मिणीनं वीस वर्षं मोळ्या वाहिल्या, आता कंबर गेली म्हणून मागे राहते. ग्रामपंचायतीला जुन्या विहिरी उपसायची योजना मिळाली होती. त्यांची विहीर खोल, झऱ्याची. ती मोकळी झाली असती तर आळीतल्या बायकांची डोंगराकडच्या हापशाची पायपीट टळली असती. पण सरपंच म्हणाला होता, अकरावी ओळ आहे तोवर गाव हात लावू देणार नाही.

"गुर्जी, यंदाच्या जत्रेत तेवढी वळ वाचू नका," रुक्मिण म्हणाली. "एवढंच. आमी काय जास्त मागायलोत का?"

गुरुजींनी हातातला पेला खाली ठेवला. "बुवा म्हन्ले असतील तर मी ती गाळणारा कोन, रुक्मिण?"

"आन म्हन्ले नसतील तर?"

रुक्मिण गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. साठ वर्षं गावाला ठाऊक होतं, फक्त आमच्या पिढीला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची धाकटी बहीण सखू, नऊ वर्षांची, त्या विहिरीच्या पायरीवरून घसरून गेली. रहाटावर दुसरी बाई पाणी ओढत होती, त्या आवाजात सखूची हाक कुणाला ऐकू आली नाही. तिच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी ते मठात गेले होते. तीच ती संध्याकाळ.

"मला बुवांचा आवाज आठवतो," गुरुजी म्हणाले. "विहीर हा शब्द त्यांनी उच्चारला हे आठवतं. फुडचं लिवताना आपोआप आलं. ते त्यांच्याकडून आलं का माझ्याकडून, ते मला सांगता येत न्हाई, सुमन. पन्नास वर्षं झाली, रोज आठवून बघायलोय."

गावाला अठरा वर्षांचा माणिक एकटाच होता असं वाटत होतं, पण गुरुजींनीच सांगितलं, ते एकटे नव्हते. मठाची झाडलोट करणारी चंद्रभागा तिथे होती. उगवतीच्या आळीचीच, तेव्हा बावीस-तेवीसची असेल. तिला कधी कुणी विचारलं नाही, कारण ती सारवत होती आणि सारवणारी बाई काय ऐकणार. रुक्मिणीची ती आत्या. रुक्मिणीनंच पत्ता दिला. पुढच्या आठवड्यात मी गुरुजींना एसटीनं परभणीला आणलं.

चंद्राक्का रेल्वे रुळापलीकडच्या वस्तीत नातवाकडे राहतात. नातू रिक्षा चालवतो. आम्ही गेलो तेव्हा त्या बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. डोळे अधू झालेले. गुरुजींनी नमस्कार केला, तशी त्यांनी मान तिरकी केली.

"मानिक का रं?"

गुरुजींना नावानं, अरेतुरेनं हाक मारणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. ते जमिनीवरच बसले.

"चंद्राक्का, त्या सांजंला तुमी मठात होता."

"व्हते की. वटा सारवत व्हते. तू आलास आन खांबाला टेकून बसलास. बुवा बी गप, तू बी गप. लय येळ."

"मग?"

"मग तू म्हन्लास, ती हीर मला दिसती, डोळे मिटले तरी दिसती. बुवा म्हन्ले, नको बघू लेकरा तिकडं. काई दिस हिरीकडं बघूच नको."

गुरुजी पुढे सरकले. "बुजवा म्हन्ले?"

"बुवा कशाला हीर बुजवा म्हनतील रं?" चंद्राक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "त्याच हिरीचं पानी पीत व्हते ते. मीच न्हेत व्हते घागर, सखू गेली त्याच्या दुसऱ्या दिशीबी न्हेली. बुवांनी वंजळीनं घेतलं, डोळ्याला लावलं आन पिले."

रुळावरून मालगाडी गेली. मला काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "आणि पांढऱ्या घोड्याचं काय म्हणाले, आक्का?"

"घोडं? पाटलाचं तट्टू व्हतं खाली मावळतीच्या उन्हात बांधलेलं. बुवा म्हन्ले, त्या पांढऱ्या घोड्याला कुनीतरी सावलीत घ्या. मीच सोडून बांधलं लिंबाखाली."

गुरुजी हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं, आणि ते हसू कधी रडण्यात गेलं तेही मला कळलं नाही. चंद्राक्का शेंगांचं सूप बाजूला ठेवून खाली उतरल्या, त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. पण हात फिरवता फिरवता त्यांनी जे सांगितलं ते काही मऊ नव्हतं.

"आमी फडावर व्हतो, मानिक. समदी आळी उसाला गेलेली. पाडव्याला आलो, पोरं पान्यासाठी पळत सुटली, तर हीर न्हाई. कुनाला भांडावं? मी म्हन्ले, बुवा असं बोलले न्हाईत, मी व्हते तिथं. तर मला म्हन्ले, तुला काय कळतंय, वहीत लिवलंय. मग आमी त्या गावात ऱ्हायलोच न्हाई."

मला तेव्हा गुरुजींचा राग आला. आजही मधूनमधून येतो. आळी रिकामी असताना विहीर बुजवली हे गावाला सोयीचं होतं, पण दगड टाकायच्या दिवशी त्यांना ते दिसलं नसेल का? परतीच्या एसटीत मी विचारलंच. ते खिडकीबाहेर पाहत होते.

"दिसलं होतं. पहिला दगड टाकायचा मान मला दिला त्यांनी. मी टाकला. खाली पाणी वाजलं तेव्हा मला बरं वाटलं, सुमन. तेच तर लिवायचं राहिलं."

त्या चैत्रात मी मुद्दाम जत्रेला गेले. गुरुजींनी लाल कापड सोडलं, माईकपुढे उभे राहिले आणि वही उघडलीच नाही. म्हणाले, "माझ्या शाळेतल्या पोरांनो, म्हातारे झालात तरी पोरंच तुमी. मी तुमाला शिकवलं, ऐकलं तेवढंच लिवायचं. मी तसं लिवलं न्हाई. अकरावी ओळ बुवांची न्हाई. ती माझी हाय." मग त्यांनी चंद्राक्कांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, तट्टासकट.

मठाच्या पुजाऱ्यानं पुढे होऊन त्यांना धरून खाली बसवलं, माईकवर म्हणाला, "गुरुजींचं वय झालं, ऊन लागलंय, पाणी द्या." आणि त्यांच्या मांडीवरची वही उचलून पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. अकराव्या ओळीला त्यानं आवाज चढवला. ज्यानं लिहिलं त्यानंच वाचायचं हा रिवाज त्या दुपारी मोडला, तरी कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. माणसांनी हात जोडले. समोरच बसलेल्या गुरुजींनी हात वर केला, वर्गात करायचे तसा. रहाट ऐकू आला असेल, की 'मी म्हणालो का' विचारायचं असेल, मला माहीत नाही. कुणी थांबलं नाही.

दिवस मावळायच्या आत पाळण्यापाशी मी दोघांचं बोलणं ऐकलं. एक जण दुसऱ्याला सांगत होता, "लिवणारा शेवटी उलटंल, हे बुवांनी तवाच सांगितलं होतं." दुसरा म्हणाला, "मलाबी ठावं हाय." सतरा ओळींत असली ओळ कुठेच नव्हती. आता असेल.

त्यानंतर दीडेक महिना मला जाता आलं नाही. गेले तेव्हा गुरुजी घरी नव्हते. त्यांच्या सूनबाई कपाळावर आठ्या घालून म्हणाल्या, "आळीत हायेत. रोज सकाळी जायलेत."

आळीत! मी जवळजवळ पळतच गेले. बाभूळ तोडलेली होती. ढिगाच्या मध्ये गुडघाभर खड्डा, आणि त्यात ऐंशी वर्षांचे गुरुजी, धोतराचा काचा मारून, तोंड उगवतीकडे. सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येत होतं तरी ते तोंड फिरवत नव्हते. दोन्ही हातांनी एक एक दगड सोडवायचा, छातीशी धरायचा, काठावर ठेवायचा. काठावर रुक्मिण घमेलं घेऊन बसली होती, कंबरेला पदर बांधून. गावातलं दुसरं कुणी नव्हतं; ऊसतोडीहून परतलेली आळी गावाला भिऊन दारातूनच बघत होती. सरपंच बघून न बघितल्यासारखं करून गेला होता म्हणे.

मी म्हटलं, "गुरुजी, वर या. माणसं लावू, मशीन मागवू. हे तुमच्यानं होणार आहे का?"

त्यांनी दगड खाली ठेवला, धाप आवरली. चेहऱ्यावर माती, पण इतका उजळ चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"हे समदे लोकांचे हायेत, सुमन," ते म्हणाले. "माझा सगळ्यात खाली हाय."

आणि पुन्हा वाकले.